वरच्या न्हाणीतलं पाणी

लोक सांगतात, फोटोसमोर बसून बोलावं, मन हलकं होतं. मला ते जमत नाही. फोटोत तुम्ही कोट घालून बसला आहात, आणि कोट अंगावर चढला की तुम्ही कधीच कुणाचं ऐकून घेत नव्हतात. म्हणून लिहिते आहे. हे आपली नातवंडं, सई आणि नीलही, वाचणार आहेत. टोरांटोत राहूनही सई अजून मराठी वाचते, नीलला ती वाचून दाखवील. त्यामुळे सोपं लिहिते, आणि त्यांना माहीत नसलेलं मध्येमध्ये समजावून सांगते. तुम्हाला कंटाळा आला तरी जरा बसून राहा.

तुम्ही कुठे नोकरी केलीत, कोणत्या हुद्द्यावरून निवृत्त झालात, हे सगळं त्यांच्या बाबाने, मंदारने, वर्तमानपत्रात दिलं. चांगला लिहिला होता मजकूर. पण तो वाचताना मला तुम्ही दिसेनात. त्यातल्या माणसाच्या हातात पाना नव्हता.

मला तुम्ही दिसता ते भोकं पडलेल्या बनियनमध्ये, बेसिनखाली अर्धे शिरलेले, फक्त पाय बाहेर. मी एम.ए. इंग्लिश होऊन, पुण्याहून लग्न करून बंगळूरला, चामराजपेटच्या तुमच्या घरी आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मला तुमचे हे पाय दिसले होते. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस ठिबकत होता. मी सासूबाईंना विचारलं, "प्लंबर कधी येणार?" त्या म्हणाल्या, "प्लंबर कशाला? तो काय कामाचा आहे मग?" तेवढ्यात बेसिनखालून आवाज आला, "अगं, स्वल्प टॉर्च धर." मला वाटलं, स्वल्प हे टॉर्चचं नाव आहे. 'जरा' म्हणायला तुमच्या घरात तीनशे वर्षांपासून हा कन्नड शब्द आहे हे कळायला मला आठवडा लागला. टॉर्च मात्र मी धरला. तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं मी टॉर्च धरला आणि तुम्ही म्हणालात, "इकडे नको, तिकडे. तिकडे नको, इकडे."

सई, नील, नळ बंद करूनही ठिबकत असेल तर बहुतेक वेळा आतला रबरी वॉशर झिजलेला असतो. नळ आणखी जोरात पिळू नका, त्याने वॉशर अजून लवकर मरतो. आधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, मग नळ उघडा. हा क्रम तुमच्या अज्जांनी एकदाच चुकवला होता, आणि त्या दिवशी आमच्याकडे माझ्या कॉलेजच्या प्रिन्सिपॉलबाई जेवायला आल्या होत्या. त्यांना टॉवेल द्यावा लागला. पुढचं विचारू नका.

जयनगरला घर बांधलं तेव्हा तुम्ही दर खोलीला समोरासमोर खिडक्या मागितल्यात आणि दर दारावर झडपा. "घरात हवा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने गेली पाहिजे," असं तुम्ही गवंड्याला इतक्यांदा सांगितलंत की तो तुम्हाला 'गाळी सार' म्हणू लागला. गाळी म्हणजे वारा. मी राहायला आले आणि पाहिलं, तर त्या खिडक्यांतून हवेबरोबर डास, रस्त्यावरची धूळ आणि समोरच्यांच्या घरातली भांडणं असं सगळं आत येत होतं. मी एकेक करून सगळं बंद करत गेले. झडपांना काचा बसवल्या. खिडक्या लावून घेतल्या. तुम्ही सकाळी उघडायच्या, मी अकरा वाजता लावायच्या. त्यावर आपण तीस वर्षं भांडलो, आणि त्यातलं एकही भांडण कधी पुरं झालं नाही, कारण दर वेळी कुकरची शिट्टी व्हायची.

एकदा तुम्ही दोन दिवस म्हैसूरला गेलात तेव्हा मी आपल्या खालच्या बेडरूमच्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन बसवून घेतला. तुम्ही परत आलात, खाली उभे राहून बराच वेळ बघत राहिलात. मग पेपरची एक पट्टी फाडून पंख्यासमोर धरलीत.

"हा हवा बाहेर टाकतो. बरोबर?"

"त्यासाठीच बसवलाय."

"जेवढी बाहेर टाकतो, तेवढी कुठून तरी आत ओढणार. खिडक्या तर तू सगळ्या बंद केल्यास. मग ओढणार कुठून?"

"दाराच्या फटीतून."

"आणि फटीतून काय येईल ते तू ठरवणार का तो?"

"तुम्ही आधी हात धुऊन जेवायला चला," मी म्हटलं.

तो वादही तसाच राहिला. हरले होते मी, पण ते मला या उन्हाळ्यात कळलं.

वरची खोली मंदारची. तो परदेशी गेल्यापासून रिकामी. त्याची मुलं यायची तेव्हा वर राहायची, वरचं बाथरूम वापरायची, ज्याला तुम्ही शेवटपर्यंत न्हाणी म्हणालात. ती चार वर्षांत एकदा यायची. तरी दर शनिवारी, अंघोळीनंतर, तुम्ही रेलिंग धरून एकेक पायरी चढत वर जायचात आणि पाच मिनिटांनी ओल्या पायांनी खाली यायचात. माझ्या पुसलेल्या फरशीवर तुमचे ठसे उमटायचे.

"वर काय असतं दर शनिवारी?"

"काही नाही. बघून येतो."

"काय बघता? भिंती?"

"भिंतीच. तू बघितल्यास का कधी? छान आहेत."

मला खात्री होती की तुम्ही वर चोरून सिगरेट ओढता. वास घेऊन पाहिला, तो कधी आला नाही, तर मी म्हटलं, पेपरमिंट खात असतील. मी म्हणायची, वरचा मजला बंद करून टाकू, कुलूप लावू, झाडायला-पुसायला एक मजला कमी. तुम्ही म्हणायचात, "मुलं आली की?" शेवटचं आपण त्यावर भांडलो ते दिवाळीनंतर. तेव्हा मी म्हणाले होते, "कोणी येत नाही आता. तुम्ही मान्य करा." शनिवारी पुन्हा वर गेलात.

माघात तुम्ही आजारी पडलात आणि डॉक्टरांनी जिना बंद केला. खालच्या बेडरूममध्ये तुमची सगळी व्यवस्था लावली. औषधांचा तक्ता मी दारावर चिकटवला, वेळा लाल शाईने. सगळं नीट होतं. महिनाभराने मात्र खोलीत एक वास येऊ लागला.

सई, हे तुझ्यासमोर लिहिताना मला संकोच वाटतो आहे. पण खोटं लिहायचं असतं तर मी लिहायलाच बसले नसते. तो वास गोडसर, कुजका होता. पहाटे जास्त यायचा. मी चादरी रोज बदलल्या, फिनेलने फरशी पुसली, उदबत्ती लावली. तो जात नव्हता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत असा वास आला की बायकोला एकच गोष्ट सुचते. मला वाटलं, तो तुमचा आहे. तुमच्या आत काहीतरी संपत चाललंय आणि त्याचा तो वास आहे.

तुम्हाला गार वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद होत्या. म्हणून मी एक्झॉस्ट फॅन दिवसभर चालू ठेवला. वास वाढला. मी तो रात्रीही चालू ठेवला. वास आणखी वाढला.

तुम्हालाही तो येत होता. तुम्ही म्हणालात, "घाण वास येतोय गं."

मी म्हणाले, "कसला वास? मला तर काही येत नाही."

माझ्या तोंडून हे इतकं सहज गेलं की माझं मलाच आश्चर्य वाटलं. तुम्हाला तुमचीच लाज वाटू नये, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि मग म्हणालात, "वरच्या न्हाणीत तांब्याभर पाणी घालून ये." त्याच्या आदल्याच दिवशी तुम्ही मला विचारलं होतंत, आई जेवली का. सासूबाईंना जाऊन वीस वर्षं झाली होती. औषधांनी असं होतं, डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, हेही त्यातलंच.

"घातलंस का पाणी?"

"हो, घातलं."

"शनिवारी घालत जा."

"सरी," मी म्हणाले. तुमच्या भाषेतलं 'बरं'. तुम्ही हसलात आणि डोळे मिटलेत.

त्यानंतर दर शनिवारी तुम्ही विचारलंत आणि दर शनिवारी मी घातलं म्हणाले. एकदाही वर गेले नाही.

शेवटच्या दहा दिवसांत मी माझी खाट उचलून हॉलमध्ये नेली. तुम्हाला सांगितलं, माझ्या घोरण्याने तुमची झोप मोडते. ते खरं नव्हतं. मला त्या खोलीत झोप येत नव्हती, नाकावर पदर धरूनसुद्धा. तुम्ही म्हणालात, "जा, जा, तू झोप." मी दार अर्धं उघडं ठेवायची. तुम्ही गेलात तेव्हा मी दाराच्या या बाजूला होते.

मग माणसं आली. मंदार आला, तुमच्या बहिणी आल्या, पुण्याहून माझे भाऊ-वहिनी आले. वरचा मजला भरला. वर अंघोळी, धुणी, सगळं चाललं. आणि दोन दिवसांत वास गेला. अगदी नाहीसा. माझ्या ते लक्षात आलं आणि मी कुणाला बोलले नाही. म्हणजे माझं म्हणणं खरं होतं. तो तुमचाच होता, तुमच्याबरोबर गेला. एवढ्या माणसांत बसून मी हे मनाशी घट्ट धरून ठेवलं होतं, कुणाला सांगण्यासारखं ते नव्हतंच.

चौदाव्या दिवसानंतर एकेक जण गेले. मंदारने सहलीला चल म्हटल्यासारखं म्हटलं, "आई, तिकडेच चल ना." मी म्हटलं, बघू. त्याचं विमान गेलं आणि घरात माझ्या चपलांशिवाय दुसरा आवाज राहिला नाही. सकाळचा एक कप चहा किती पाण्याचा करायचा ते मला आठवडाभर जमलं नाही. दोन कप व्हायचा, एक ओतून द्यायची.

सहा आठवडे झाले असतील. भर उन्हाळा. एका पहाटे मी जागी झाले आणि तो वास आला.

तोच.

मी उठून तुमच्या खोलीत गेले. दिवा लावला. गादी गुंडाळून ठेवलेली, चादर नाही, तुम्ही नाही. आणि तिथेही तोच वास. मी खाली फरशीवर बसले. मला भीती वाटली नाही. क्षणभर बरंच वाटलं, हे लिहून ठेवते. मग डोकं चालू लागलं. माणूस नाही आणि वास आहे, तर वास माणसाचा कसा असेल?

सकाळी रुद्रप्पाला फोन केला. सई, तुला आठवत असेल, मिशीवाले प्लंबर. अज्जा आणि ते दोघं सम्पमध्ये, म्हणजे अंगणाखालच्या टाकीत, वाकून तासन्‌तास वाद घालत बसायचे. तो आला, दारातच थांबला, नाक वर करून हुंगलं आणि सरळ जिना चढून गेला. खालच्या बाथरूमकडे पाहिलंसुद्धा नाही. वरून हाक मारली, "अम्मा, या वर!"

वरच्या न्हाणीच्या कोपऱ्यातली जाळी त्याने काढून ठेवली होती. आत टॉर्च मारला. "बघा. कोरडी ठाक."

मुलांनो, नीट वाचा, कारण हे तुमच्याही घरात आहे. जमिनीतल्या जाळीखाली पाइप सरळ खाली जात नाही. तिथे एक वाकडा भाग असतो, त्याला ट्रॅप म्हणतात, आणि त्यात थोडं पाणी कायम साठून राहतं. ते पाणी म्हणजेच झाकण. गटारातली हवा त्या पाण्यामुळे वर येत नाही. बाथरूम रोज वापरलं तर ते आपोआप भरलेलं राहतं. महिना-दीड महिना कोणी पाणी सांडलं नाही, तर ते सुकतं, आणि मग गटार आणि घर यांच्यामध्ये काहीच उरत नाही. त्यातून खिडक्या बंद ठेवून कोणी खाली एक्झॉस्ट फॅन लावला, तर तो पंखा गटारातली हवा जिन्यावरून ओढून थेट आजाऱ्याच्या खोलीत आणतो.

"सार दर शनिवारी पाणी घालत होते ना?" रुद्रप्पा म्हणाला. "मीच सांगितलं होतं त्यांना. मुलगा परदेशी गेला त्या वर्षी. नीरु हाकी सार, अष्टे. पाणी घाला, बस, दुसरं काही नको."

"मला का नाही सांगितलं त्यांनी?"

तो मिशीतल्या मिशीत हसला. "म्हणाले, तिला सांगितलं तर ती सिमेंट आणील."

आणलं असतं. दुसऱ्याच दिवशी आणलं असतं, तेही पावतीसकट.

त्याने बादलीभर पाणी ओतलं. गट गट आवाज झाला. मग म्हणाला, "आता काय करू अम्मा? कोणी वापरत नाही. बंद करून टाकू? कायमची कटकट जाईल." मी जाळी हातात घेऊन पुसू लागले. तो म्हणाला, "नाहीतर पाण्यावर दोन चमचे तेल सोडा, लवकर सुकत नाही. खोबरेल नको, थंडीत गोठतं." मी खाली जाऊन शेंगदाण्याचं तेल घेऊन आले. त्याला ते उत्तर समजलं.

तो गेल्यावर मी वरच बसून राहिले. तुमच्या भिंती पाहिल्या. खरंच छान आहेत. एकीवर नीलने खडूने काढलेली बस अजून आहे, तुम्ही ती पुसू दिली नव्हतीत.

पण माझ्या मनात बस नव्हती, पाणीही नव्हतं. मनात एकच गोष्ट होती, आणि ती तेव्हापासून गेली नाही. तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की वास न्हाणीचा आहे. तुमचं डोकं शाबूत होतं. मी मात्र तुमच्याजवळ येताना श्वास धरून यायची. चमचा तोंडात घालताना मान वळवायची. खाट उचलून घेऊन गेले. तुम्ही हे सगळं पाहिलं असणार. ती दहा दिवसांची हॉलमधली खाट पाहून तुम्हाला काय वाटलं असेल? अठ्ठेचाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईला आपला वास सहन होत नाही, असं वाटून तुम्ही गेला असाल, तर ते मी कुठे जाऊन पुसायचं? मंदारला हे सांगता येत नाही. तो म्हणेल, "आई, डोन्ट बीट युवरसेल्फ अप," आणि तिकीट पाठवील.

म्हणून मी रविवारी सईला सांगितलं. सगळं नाही. फक्त ट्रॅपचं सांगितलं, वास कसा आला, का आला, तेवढंच. तिला अशा गोष्टी आवडतात, तुमच्यासारख्या. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वेट, आजी. म्हणजे तुझं नाक ठीक आहे?"

"माझ्या नाकाला काय झालंय?"

"ओ गॉड. मी विसरूनच गेले होते. अज्जांनी मला सांगितलं होतं. मार्चमध्ये, व्हिडिओ कॉलवर. तू किचनमध्ये होतीस."

"काय सांगितलं होतं?"

सईला तुमची नक्कल छान येते, हे तुम्हाला माहीत आहे. तिने आवाज खाली घेतला. "'सई, हळू बोल, ती ऐकेल. तुझ्या आजीला वास येईनासा झालाय. सगळं घर घाण मारतंय आणि हिला पत्ताच नाही. मी विचारलं तर म्हणते, कसला वास. उद्या गॅस चालू राहिला तर हिला कळणार कसं? एकटी राहणार ती. बाबाला सांग, नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन जा म्हणावं. पण मी सांगितलं म्हणू नका, चिडेल.'"



"आजी? फ्रीझ झालीस का? आजी, मी बाबाला सांगायचं विसरले. सॉरी. एक्झाम होती तेव्हा. पण तुझं नाक ठीक आहे ना?"

"ठीक आहे गं," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"

फोन ठेवला, तेव्हापासून मी हे लिहिते आहे. मी तुमच्याशी वासाबद्दल खोटं बोलले आणि तुम्ही ते पूर्ण खरं धरलंत. मान वळवणं, श्वास धरणं, खाट, काहीच तुम्हाला दिसलं नाही, कारण मी म्हणाले होते, मला वास येत नाही. तिथे पडून तुम्ही माझ्या नाकाची काळजी करत होतात.

की तुम्हाला सगळं कळलं होतं, आणि मी जसं तुम्हाला खोटं सांगितलं तसंच तुम्ही सईला सांगितलंत? तुम्हीही तसे साधे नव्हता. मला हे आता कोण सांगणार? टॉर्च धरून बसले आहे, पण तिकडून आवाज येत नाही.

तेव्हा जे सांगायचं राहिलं ते सांगून टाकते, मुलांच्या देखत. नाक चांगलं आहे माझं. गॅसची काळजी करू नका. मला वास येत होता हो. पहिल्या दिवसापासून येत होता.